थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाड? ट्रकच्या ऑइलच्या डब्यावरचे आकडे नेमकं काय सांगतात

निफाड (प्रतिनिधी) : द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातल्या गाड्या आता दोन-तीन महिने उभ्या राहणार नाहीत. हंगामाआधी गाडीची सर्व्हिस करून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. पण दरवर्षी याच दिवसांत गॅरेजसमोर एक वाद हमखास रंगतो. एक म्हणतो, थंडी आहे, पातळ ऑइल टाका. दुसरा म्हणतो, दोन महिन्यांनी ऊन तापणारच आहे, आत्ताच वीस-पन्नास टाकून मोकळे व्हा. तिसरा डब्यावर बोट ठेवून सांगतो, ह्यावर १५ आणि ४० लिहिलंय, म्हणजे पंधरा डिग्रीपासून चाळीस डिग्रीपर्यंतच हे चालणार. आपल्याकडे थंडीत पारा पाचवर येतो आणि मे महिन्यात बेचाळीसवर जातो, मग हे ऑइल पुरणार कसं?

तिसऱ्याचं म्हणणं ऐकायला पटतं, म्हणूनच ते गावोगाव पसरलं आहे. पण ते चूक आहे. डब्यावरचा १५ म्हणजे पंधरा डिग्री नाही आणि ४० म्हणजे चाळीस डिग्री नाही. हा एक गैरसमज काढला तर ऋतूप्रमाणे ऑइल बदलायच्या वादातला निम्मा भाग तिथेच मिटतो. सहा सिलिंडरच्या गाडीत पंधरा-वीस लिटरच्या आसपास ऑइल बसतं. चांगल्या ऑइलचे आणि फिल्टरचे पैसे जोडले तर एका बदलीला किती जातात हे मालकाला सांगायला नको. विनाकारण बदललं तर ते पैसे गेले, आणि चुकीचं टाकलं तर इंजिन खोलायची वेळ येते. मोठ्या गाडीचं इंजिनकाम लाखांच्या भाषेत असतं, आणि बँकेचा हप्ता काही त्यासाठी थांबत नाही.

डब्ल्यू म्हणजे विंटर

१५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हा इंग्रजी विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा गार इंजिनात ऑइल कसं वागतं ते सांगतो. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती जाड राहतं ते सांगतो. हे दोन्ही एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेले क्रमांक आहेत. कपड्याचा ४० नंबर म्हणजे चाळीस इंच असेलच असं नाही, तसंच हे.

आता आधीचा आकडा बघू. १५डब्ल्यू हे नाव मिळवायला ऑइलची परीक्षा उणे २० अंशाला घेतात. एवढ्या गारठ्यातही ते इंजिन फिरू देईल इतपत पातळ राहिलं पाहिजे, आणि उणे २५ अंशाला पंपाला ते ओढता आलं पाहिजे. २०डब्ल्यूची परीक्षा त्यापेक्षा पाच अंश वर, म्हणजे उणे १५ आणि उणे २० ला होते. १०डब्ल्यूची पाच अंश खाली, उणे २५ आणि उणे ३० ला. आकडा जितका लहान, तितकं ते जास्त थंडीत चालतं.

आपल्याकडची थंडी काही कमी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. अशा रात्री बागाईतदार बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण मणी तडकायची भीती असते. द्राक्षाच्या मण्याला पाच अंश म्हणजे संकट आहे. १५डब्ल्यू ऑइलला पाच अंश म्हणजे काहीच नाही, त्याची हद्द अजून पंचवीस अंश खाली आहे. २०डब्ल्यू-४० असलं तरी वीस अंशांची सवलत हाताशी आहे. म्हणजे निफाडच्या थंडीसाठी म्हणून कोणी ऑइल बदलायला सांगत असेल, तर त्याला गरज नाही असं सरळ सांगावं.

मग उन्हाळ्यात जाड टाकायचं का?

मालेगाव, धुळे, जळगावच्या रस्त्यावर एप्रिल-मेमध्ये गाडी चालवली आहे त्याला उन्हाची भीती वाटणं साहजिक आहे. केबिनमध्ये बसवत नाही, मग इंजिनातलं ऑइल पाण्यासारखं होत असेल असंच वाटतं. पण ऑइल बाहेरच्या हवेत राहत नाही, ते इंजिनात राहतं. इंजिनातल्या पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट साधारण ८०-९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो. गाडी तापली की ऑइल शंभर अंशांच्या आगेमागे जातं, लोड घेऊन घाट चढताना त्याहून थोडं वर. बाहेर दहा अंश असोत की बेचाळीस, रेडिएटर, फॅन आणि पाणी धड असेल तर आतल्या आकड्यात फार मोठा फरक पडत नाही.

म्हणूनच दुसऱ्या आकड्याची परीक्षा १०० अंशाला घेतात. तिथे ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक या पट्ट्यात बसायला हवं, ४० नंबरचं १२.५ ते १६.३ मध्ये आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ मध्ये. सेंटीस्टोक हे जाडी मोजायचं माप, दुधाची फॅट मोजतात तसं. इंजिन बनवणाऱ्याने क्रँक आणि बेअरिंगमधली फट, ऑइल पंपाची ताकद, पिस्टनच्या रिंगा हे सगळं यातला एक पट्टा धरून बनवलेलं असतं. ४० धरून बनवलेल्या इंजिनात ५० टाकलं की इंजिन जास्त सुरक्षित झालं असं होत नाही. जाड ऑइल ढवळायला ताकद जास्त लागते, ती डिझेलमधूनच येते. फटीतून ते हळू वाहतं, त्यामुळे बेअरिंगची उष्णता हळू बाहेर पडते. पहाटे गार गाडी सुरू केल्यावर टर्बोपर्यंत पोचायला ते जास्त वेळ घेतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या हिशोबात फिरतो, त्याला काही क्षणांचा कोरडेपणाही भोवतो.

जाड ऑइलचा आग्रह बहुतेक वेळा जुन्या, झिजलेल्या गाडीच्या अनुभवातून येतो. रिंगा गेल्या, गाडी निळा धूर सोडते, ऑइल खाते. अशा गाडीत वीस-पन्नास टाकलं की धूर कमी होतो, प्रेशर बरं दिसतं आणि मालकाला वाटतं जमलं. इंजिनकाम पुढे ढकलायला हा उपाय काही महिने चालतोही. हंगाम काढायचा असेल तर कोणी तसं केलं म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र तो उपाय त्या गाडीपुरता आहे. शेजारच्याची चार वर्षांची गाडी बघून त्यात तेच ओतणं हा वेगळा प्रकार झाला.

काही जुन्या गाड्यांच्या पुस्तकात कंपनीनेच हवामानाप्रमाणे दोन-तीन नंबर दिलेले असतात आणि त्यात गरम भागासाठी २०डब्ल्यू-५० ही असतं. तिथे ते टाकायला हरकत नाही. पुस्तकात आहे की नाही, एवढाच प्रश्न.

ही सवय आली कुठून

ऋतूप्रमाणे ऑइल बदलायचं हे खूळ म्हणून सोडून देता येत नाही, कारण एकेकाळी ते बरोबर होतं. पूर्वी एकाच नंबरचं ऑइल मिळायचं, तीस किंवा चाळीस. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनात आजही कोणी साधं चाळीस नंबर वापरताना दिसतं. असं ऑइल थंडीत घट्ट होतं आणि उन्हात पातळ, म्हणून थंडीत तीस आणि उन्हाळ्यात चाळीस असा हिशोब असायचा. आपल्या आधीच्या पिढीच्या ड्रायव्हरांनी तो हिशोब पाळला आणि मुलांना शिकवला.

तेलाचा हा स्वभाव घरातही दिसतो. गुळाची काकवी थंडीत डब्यातून निघता निघत नाही आणि गरम केली की धार लागते. इंजिन ऑइलचं तसंच. साधारण १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशाला जितकं जाड असतं, त्याच्या सात-आठपट पातळ ते १०० अंशाला होतं. दोन आकड्यांच्या ऑइलमध्ये, ज्याला मल्टिग्रेड म्हणतात, असं रसायन घातलेलं असतं की गारठ्यात ते आक्रसून बसतं आणि तापल्यावर पसरून ऑइलला फार पातळ होऊ देत नाही. म्हणजे थंडीचं आणि उन्हाळ्याचं ऑइल एकाच डब्यात मिळतं. आपण मल्टिग्रेडचे पैसे देतो आणि वर पुन्हा ऋतूप्रमाणे बदलतो, हा दुहेरी खर्च आहे.

विचार करावा लागतो तो रस्त्याचा

तरीही थंडीचा प्रश्न काही गाड्यांना खरोखर येतो. तो गावच्या थंडीचा नसून गाडी जिथे जाते तिथल्या थंडीचा असतो. लासलगावचा कांदा आणि पिंपळगावची द्राक्षं देशभर जातात. मुंबई-आग्रा महामार्गाने राहुड घाट, मालेगाव, धुळे, मग सेंधव्याचा घाट चढून इंदूर आणि पुढे दिल्ली-पंजाब. जानेवारीत दिल्लीत पारा तीन-चार अंशांवर येतो, पंजाबात शून्याजवळ. इथपर्यंत १५डब्ल्यूला काहीच अडचण नाही.

काश्मीरचं भाडं मिळालं तर मात्र थोडं थांबून पुस्तक उघडावं. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे मानतात, तेव्हा रात्री उणे पाच-सहा आणि कधी त्याखाली जातं. १५डब्ल्यू तिथेही तरतं. द्रास आणि लेहच्या बाजूला मात्र पारा उणे पंधरा-वीसवर आणि त्याहून खाली जातो, तिथे १५डब्ल्यूची हद्द लागते. अशा भागात कायम चालणाऱ्या गाड्यांना कंपन्या १०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यूचं ऑइल सांगतात. अर्थात तिथे ऑइलच्या आधी डिझेलच दगा देतं. आपल्याकडचं खोबरेल थंडीत बाटलीत थिजतं तसं साधं डिझेल तिथे टाकीत थिजतं आणि फिल्टर चोंदतो. म्हणून तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल काढलं. नाशिकहून टाकी फुल्ल करून थेट वर निघालेल्या गाडीत कोणतंही महागडं ऑइल असलं तरी ती सकाळी सुरू होणार नाही.

पुस्तकात हवामानाचा तक्ता असेल तर त्यात आपल्या गावचं तापमान बघू नका. आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं तापमान बघा.

नंबरापेक्षा मोठी चूक : बीएस-६ गाडीत जुनं ऑइल

खरं सांगायचं तर जाड-पातळच्या वादात ज्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, तिथेच आता जास्त नुकसान होऊ शकतं. डब्यावर १५डब्ल्यू-४० च्या खाली बारीक अक्षरात एपीआय आणि पुढे सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही ऑइलची प्रत. पहिली दोन अक्षरं बघायची. सी हे डिझेल इंजिनाचं. पुढचं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं, म्हणजे एचपेक्षा आय नवं आणि आयपेक्षा के नवं.

एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-६ च्या आल्या. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून आपोआप जाळून टाकते. पण इंजिनात थोडं ऑइलही जळतच असतं आणि त्याची राख होते. ही राख जळत नाही. ती जाळीत साचत राहते. म्हणून सीके-४ प्रतीच्या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त एक टक्क्यावर बांधलेलं आहे. जुन्या प्रतीत तसं बंधन नव्हतं. तेव्हा नंबर तोच १५डब्ल्यू-४०, डबाही तसाच, पण जुन्या प्रतीचं ऑइल बीएस-६ गाडीत सतत वापरलं तर जाळी वेळेआधी चोंदते. गाडी ओढत नाही, मीटरवर दिवा लागतो आणि जाळीचा खर्च ऐकून मालक खाली बसतो.

उलट चालतं. सीके-४ जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीत टाकायला सहसा अडचण नसते, फक्त ते महाग पडतं. ज्याच्या दारात एक जुनी दहा टायर आणि एक नवी आयशर आहे, त्याने दोन्हींसाठी एकच चांगलं ऑइल ठेवलं तर क्लीनरच्या हातून अदलाबदल व्हायची भीती राहत नाही. गाडी कोणत्या निकषाची हे नव्या आरसीवर छापलेलं असतं. काही नव्या गाड्यांना कंपनी १५डब्ल्यू-४० ऐवजी ३० नंबरचं ऑइलही सांगते. ते बघून पातळ आहे म्हणून घाबरायचं कारण नाही, त्या इंजिनातल्या फटीच तशा असतात.

जुनी गाडी घेताना पुस्तक मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं तर कोणतं ऑइल, किती लिटर आणि किती किलोमीटरला बदलायचं हे सांगतात. किलोमीटरचा आकडाही गाडीगणिक बदलतो, कुठे वीस हजार, कुठे साठ-ऐंशी हजार. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

पहाटे गाडी सुरू होत नाही, दोष ऑइलचा?

थंडीत सेल्फ मारला की इंजिन जड फिरतं आणि लगेच ऑइलवर आळ येतो. आपल्या पाच-सात अंशांत बहुतेक वेळा दोष बॅटरीचा असतो. गारठ्यात बॅटरीची ताकद उतरते, टर्मिनलवर पांढरी पूड साचलेली असते, अर्थिंग सैल असतं. पिकअप, छोटा हत्ती यांसारख्या लहान डिझेल गाड्यांत हीटर प्लग गेलेला असतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी असतं. हे सगळं बघून झाल्यावर ऑइलकडे या.

सुरू झाल्यावर लगेच ॲक्सिलरेटर दाबून इंजिन गुरगुरवायची सवय मात्र सोडली पाहिजे. ऑइल वर हेडपर्यंत आणि टर्बोपर्यंत पोचू द्या, प्रेशरचा दिवा विझू द्या, मिनिटभर थांबा आणि मग हळू गाडी काढा. पाव-पाव तास उभी चालू ठेवायची गरज नाही, त्याने डिझेल जातं आणि काजळी वाढते. तसंच कसारा चढून वर आल्यावर चहासाठी थांबलात तर चावी लगेच फिरवू नका. दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवा, तापलेल्या टर्बोतून ऑइल फिरू द्या.

पट्टी काढा, पण नीट बघा

पातळी बघायची ती गाडी सपाट जागी, बंद करून दहा मिनिटं झाल्यावर. काळं दिसलं म्हणून ऑइल खराब झालं असं नाही. डिझेलचं ऑइल काजळी धरून ठेवतं म्हणूनच काळं होतं, ते त्याचं कामच आहे. चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय, गाडी हलवू नका. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर हे बघायलाच हवं.

पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. बीएस-६ गाडी जाळीतली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडते. गावातल्या गावात, शेत ते शेड अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ही जाळणी अर्धवट राहते आणि ते डिझेल उतरून चेंबरमधल्या ऑइलमध्ये येतं. पट्टीवर पातळी चढते, ऑइल पातळ होतं. तुम्ही टाकलेलं ४० नंबर प्रत्यक्षात ३० च्या खालीही गेलेलं असू शकतं, आणि हे थंडी-उन्हाळा बघत नाही. पट्टीला डिझेलचा वास आला तर ऑइल बदला. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग पळवलं तर हा त्रास कमी होतो. डीपीएफचा दिवा लागलेला असताना गाडी मध्येच बंद करू नये.

डबा घेताना बिल घ्या आणि सील बघा. सुट्टं ऑइल स्वस्त पडतं, पण त्याचा नंबर आणि प्रत कोणती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर तोच डबा पुन्हा भरून दुसऱ्या कोणाच्या गाडीत जातो. ट्रकचं उरलेलं ऑइल मोटारसायकलमध्ये ओतायची सवयही वाईट. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि ट्रकच्या ऑइलने तो घसरू शकतो.

रस्त्यात ऑइल कमी पडलं आणि आपल्या कंपनीचा डबा मिळाला नाही, तर अडून बसू नका. कमी ऑइलवर गाडी ओढण्यापेक्षा दुसऱ्या कंपनीचं त्याच नंबरचं, त्याच प्रतीचं ऑइल टाकून घर गाठणं केव्हाही बरं. नंबर जुळत नसेल तर निदान प्रत जुळवा. किती टाकलं ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या सर्व्हिसला मिस्त्रींना दाखवता येईल आणि गाडी हजार किलोमीटरला किती ऑइल खाते तेही कळेल.